किल्ल्यांच्या वेबसाइटवर ब्रेडक्रंब: जिल्हा, प्रकार की वाचक आला ती वाट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका दुर्गप्रेमी गटाची मराठी वेबसाइट नव्याने बांधली जाते आहे. तीनशेच्या आसपास किल्ले, शिवाय भटकंतीचे लेख आणि नकाशे. पानाच्या वरच्या बाजूला ब्रेडक्रंब, म्हणजे ‘मुखपृष्ठ › किल्ले ›’ अशी लिंकांची छोटी ओळ, द्यायचे हे ठरले, पण त्यात काय दाखवायचे यावरून गटात दोन तट पडले. एक तट म्हणतो जिल्हा दाखवा. दुसरा म्हणतो गिरिदुर्ग, जलदुर्ग, वनदुर्ग असा प्रकार दाखवा. डेव्हलपरने तिसराच तोडगा काढला आहे: वाचक ज्या पानांवरून आला ती पाने दाखवू, म्हणजे भांडण मिटेल. सोबत दोन उपप्रश्न आहेत. मोबाइलवर या ओळीला जागा कुठून आणायची, आणि गुगलसाठी वेगळे काही करावे लागते का?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: जिल्हा. रायगडाच्या पानावर ओळ अशी दिसावी:

मुखपृष्ठ › किल्ले › रायगड जिल्हा › रायगड

आता कारणे. सुरुवात डेव्हलपरच्या तोडग्यापासून करतो, कारण तो ऐकायला सर्वांत सोयीचा आहे आणि पुढे सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो.

ब्रेडक्रंब हा पानाचा पत्ता असतो. पाकिटावर आपण ‘मु. पो. अमुक, ता. तमुक, जि. रायगड’ लिहितो, तेच इथे उलट्या क्रमाने, मोठ्याकडून लहानाकडे. पाहुणा एसटीने येवो नाहीतर स्वतःच्या गाडीने, घराचा पत्ता तोच राहतो. हरिश्चंद्रगडाचेच बघा. गड अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेलगत. पाचनईहून चढणारा अकोले तालुक्यातून येतो, म्हणजे अहिल्यानगरमधून. खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे येणारा जुन्नर तालुक्यातून, म्हणजे पुण्यातून. नळीच्या वाटेने चढणारा मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून, म्हणजे ठाण्यातून. तिघे कोकणकड्यावर एकाच ठिकाणी टेकतात. ‘कसे जाल’ या मजकुरात तिन्ही वाटा यायलाच हव्यात, पण गड कुठे आहे याचे उत्तर प्रत्येकाला वेगळे देता येत नाही. गड अकोले तालुक्यात आहे.

वेबसाइटवर तर अडचण आणखी वाढते, कारण बहुतेक वाचक कोणत्याच वाटेने आलेला नसतो. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात लिंक टाकली, याने ती दाबली आणि थेट हरिश्चंद्रगडाच्या पानावर उतरला. किंवा गुगलवर ‘कोकणकडा कसे जायचे’ शोधून आला. अशा वाचकाला आलेली वाट दाखवायची म्हणजे रिकामी ओळ दाखवायची. आणि ब्रेडक्रंबची खरी गरज नेमकी त्यालाच असते. मुखपृष्ठावरून एकेक पायरी उतरत आलेल्याला आपण कुठे आहोत ते साधारण माहीत असतेच. दुसरे, वाचक सरळ रेषेत फिरत नाही. राजगड, तिथून तोरणा, तुलना करायला परत राजगड, मग सिंहगड. ही वाट छापत गेलात तर चौथ्या क्लिकला ओळीत राजगड दोनदा येतो आणि ‘यात कोण कोणाच्या पोटात आहे’ हा अर्थच उरत नाही. आलेल्या वाटेने परत न्यायचे काम ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण चोख करते. त्याची नक्कल पानात कशाला?

एक सवलत देतो. वाचक शोधनिकालातून किंवा गाळणी लावलेल्या यादीतून आत आला असेल, तर ‘‹ यादीकडे परत’ अशी वेगळी छोटी लिंक द्यायला हरकत नाही. ती ब्रेडक्रंबच्या ओळीत मिसळू नका. ती वाचकाच्या प्रवासाविषयी बोलते आणि ब्रेडक्रंब पानाच्या जागेविषयी.

माहितीरचनेच्या क्षेत्रात कीथ इन्स्टोन यांनी ब्रेडक्रंबचे तीन प्रकार सांगितले होते: जागा दाखवणारे, वाट दाखवणारे आणि गुणधर्म दाखवणारे. वाटेचा निकाल लागला. तुमच्या दोन तटांचे भांडण पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातले आहे. खरे तर ते ब्रेडक्रंबचे भांडण नाहीच. किल्ल्याचे पान कोणत्या पानाच्या पोटात राहते, हे अजून ठरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे ठरले की ब्रेडक्रंब पाच मिनिटांत लिहून होतात. ठरले नसेल तर कितीही सुंदर बाण काढा, ओळ डळमळीतच राहते. म्हणून मला कोणी नव्या साइटची रचना तपासायला दिली की मी मेनू नंतर बघतो, आधी दहा-बारा आतल्या पानांचे ब्रेडक्रंब लिहायला सांगतो. कुठे मतभेद होतात त्यावरून रचना कुठे कच्ची आहे ते कळते.

मग जिल्हाच का? पोटात घेणारे पान निवडताना मी साधारण तीन गोष्टी पाहतो. प्रत्येक वस्तूला त्या वर्गीकरणात एकच जागा मिळते का? प्रत्येक वस्तूला जागा मिळतेच का? आणि वरच्या पायरीवर जाणाऱ्याला तिथे हवे ते सापडते का?

प्रकारानुसार वर्गीकरण पहिल्याच प्रश्नावर अडकते. वासोटा वनदुर्ग म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो डोंगरावर आहे, म्हणजे गिरिदुर्गही झालाच. विजयदुर्गाला बहुतेक लोक जलदुर्ग म्हणतात, पण त्याची एक बाजू जमिनीला जोडलेली आहे, त्यामुळे काटेकोर अभ्यासक तिथे वाद घालतात. हा वाद लेखात रंगवायला छान आहे. तो प्रत्येक पानाच्या माथ्यावर नको. शिवाय महाराष्ट्रातले बहुतेक किल्ले गिरिदुर्गच आहेत. ‘गिरिदुर्ग’ या पायरीवर क्लिक करणाऱ्याच्या अंगावर दोन-अडीचशे नावांची यादी येईल. ज्या पायरीवर जवळजवळ सगळेच बसतात, ती पायरी वाचकाला काही सांगत नाही.

जिल्ह्याचे तसे नाही. सीमेवरचे अपवाद सोडले तर एका किल्ल्याला एकच जिल्हा असतो, प्रत्येकाला असतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरच्या पायरीवर जाण्यात काम असते. रायगडाचे पान वाचणारा माणूस सुट्टीत तिकडे जाण्याच्या बेतात असतो. ‘रायगड जिल्हा’ दाबल्यावर त्याला त्याच भागातले आणखी किल्ले दिसतात. दोन दिवसांची सहल तिथेच आखली जाते. डोंगररांगेनुसार वर्गीकरण हाही चांगला पर्याय आहे आणि जुने भटके तसाच विचार करतात. साल्हेर म्हटले की त्यांच्या डोक्यात आधी सेलबारी-डोलबारी येते, नाशिक जिल्हा नंतर. पण नव्या वाचकाला रांगांची नावे माहीत नसतात, आणि किनाऱ्यावरचे किल्ले कोणत्या रांगेत टाकणार? तुमचा वाचक मुरलेला गिर्यारोहक असता तर मी कदाचित वेगळे सांगितले असते.

प्रकाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र फेकून द्यायचे नाही. ‘जलदुर्ग’ हे पान हवेच, ‘वनदुर्ग’ही हवे. फक्त ते आई-बाप म्हणून नको, खूण म्हणून हवे. सिंधुदुर्गाच्या पानावर शीर्षकाखाली ‘जलदुर्ग’ अशी टिकली असेल आणि ती दाबली की सगळ्या जलदुर्गांची यादी येईल. याचा फायदा नव्या याद्या येतात तेव्हा कळतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. ‘जागतिक वारसा’ ही पायरी ब्रेडक्रंबमध्ये घुसवायची म्हटली असती तर शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग अशा बारा पानांची जागा एका रात्रीत हलवावी लागली असती. खूण असेल तर बारा पानांवर एक टिकली वाढते, बस.

जिंजीवरून आठवले: महाराष्ट्राबाहेरच्या किल्ल्यांचे काय? इथे शुद्धतावादी लोक सुचवतील की सगळीकडे राज्य, मग जिल्हा अशी पूर्ण उतरंड ठेवा. मी ठेवणार नाही. नव्वद टक्के पानांवर ‘महाराष्ट्र’ ही पायरी नुसती जागा खाईल. सरळ असे करा:

मुखपृष्ठ › किल्ले › तामिळनाडू › जिंजी

दुसऱ्या पानावर त्याच जागी जिल्हा आहे आणि इथे राज्य, ही विसंगती तर्काला खटकते. वाचकाला ती जाणवतही नाही. जिंजीच्या पानावर त्याला विल्लुपुरम जिल्हा सांगून काय साधणार? तो पानाच्या मजकुरात असू द्या. गोव्यातले आग्वाद किंवा शापोरा याच न्यायाने ‘गोवा’ खाली. मुंबईचेही तसेच. शासनाच्या लेखी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आहेत, म्हणून शीवचा किल्ला एका पायरीखाली आणि वांद्र्याचा दुसऱ्या, असे केलेत तर एका दुपारी दोन्ही बघू पाहणाऱ्याची उगाच दोन पानांत फरफट होईल. ‘मुंबई’ एवढे पुरे.

तालुका ही पायरी घ्यायची का? माझा नियम असा की ब्रेडक्रंबमधली प्रत्येक पायरी हे खरे, वाचण्याजोगे पान असले पाहिजे. कित्येक तालुक्यांत तुमच्या यादीतला एकेकच किल्ला असेल. ते तालुक्याचे पान म्हणजे एका ओळीची यादी. असे पान उघडणारा पुन्हा वरच्या लिंका दाबत नाही. नाशिकसारख्या जिल्ह्यात किल्ल्यांची दाटी आहे हे खरे, पण तिथे जिल्ह्याच्या पानावरच बागलाण वगैरे तालुक्यांची उपशीर्षके देऊन काम भागते. एका जिल्ह्यासाठी सगळ्या साइटला एक मजला चढवायला नको. आणि तालुका घेतला तर नावांचा घोळ बघा. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, म्हणजे ओळ होईल ‘पुणे जिल्हा › राजगड › राजगड’. बघणाऱ्याला वाटेल साइटच बिघडली.

तालुका नसतानाही हा घोळ दोन ठिकाणी राहतोच: रायगड जिल्ह्यात रायगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात सिंधुदुर्ग. म्हणून ‘जिल्हा’ हा शब्द प्रत्येक जिल्ह्याच्या नावामागे लावा, फक्त या दोन ठिकाणी नव्हे. नाशिक जिल्हा, सातारा जिल्हा, सगळीकडे. चार अक्षरे वाढतात, पण पुणे म्हणजे शहर की जिल्हा हाही प्रश्न मिटतो.

नावे बदलतात ही गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवायला हवी. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. नुसती नावेच नाही, हद्दीही बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि वसईचा किल्ला, अर्नाळा हे सगळे नव्या जिल्ह्यात गेले. ज्यांनी पानाच्या यूआरएलमध्येच, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीतल्या पत्त्यातच, जिल्हा गुंफला होता त्यांच्या जुन्या लिंका अशा वेळी तुटतात, किंवा शेकडो पानांची फेरवाट लावत बसावे लागते. म्हणून ब्रेडक्रंब आणि यूआरएल यांची फारकत करा. यूआरएल ‘साइटचे नाव, किल्ला, हरिश्चंद्रगड’ एवढाच सपाट ठेवा, त्यात जिल्हा नको. ब्रेडक्रंब मात्र डेटाबेसमधून प्रत्येक वेळी तयार होऊ द्या: किल्ल्याच्या नोंदीत जिल्ह्याचा क्रमांक, जिल्ह्याच्या नोंदीत त्याचे आजचे नाव. नाव बदलले की एका ठिकाणी बदलायचे आणि सगळ्या पानांवरची ओळ सुधारते. जुने नाव शोधात सापडायला हवे, कारण लोक अजून कितीतरी दिवस ‘अहमदनगर किल्ले’ असेच शोधणार. पण ते शोधाच्या यादीत आणि मजकुरात, ब्रेडक्रंबमध्ये कंस करून नको.

यूआरएलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तो देवनागरीत ठेवण्याचा मोह होईल. ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंतसुद्धा, टक्क्याच्या चिन्हांसह नऊ-नऊ चिन्हांचे होते. ‘हरिश्चंद्रगड’ एवढ्या नावाची शंभरावर चिन्हांची माळ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि लोक ती फसवी लिंक समजून दाबत नाहीत. यूआरएल रोमन लिपीत ठेवा, देवनागरी दाखवायचे काम ब्रेडक्रंबला करू द्या.

तुम्ही वर्डप्रेस वापरत असाल तर एक सापळा सांगून ठेवतो. जिल्हा आणि प्रकार दोन्ही एकाच ‘कॅटेगरी’ मध्ये टाकले, की ब्रेडक्रंबच्या प्लगइनला यातली कोणती खरी हे कळत नाही. तो स्वतःच्या नियमाने एक उचलतो. परिणाम असा की एका किल्ल्यावर जिल्हा दिसतो आणि शेजारच्या किल्ल्यावर ‘जलदुर्ग’. योस्ट या प्लगइनमध्ये मुख्य कॅटेगरी निवडायची सोय आहे, पण तीनशे पानांवर ती कोणीतरी न विसरता निवडायला हवी. त्यापेक्षा जिल्ह्यासाठी एक स्वतंत्र वर्गीकरण आणि प्रकारासाठी दुसरे, असे सुरुवातीलाच वेगळे करा आणि ब्रेडक्रंबला पहिलेच वाचायला सांगा.

आता दिसण्याकडे. यातला बराचसा भाग रूढ आहे, त्यामुळे भरभर सांगतो. ओळ हेडरच्या खाली आणि पानाच्या मुख्य शीर्षकाच्या वर, डावीकडे. मुख्य मजकुरापेक्षा थोडी लहान, रंग थोडा फिका, पण पार्श्वभूमीशी रंगभेदाचे प्रमाण ४.५ ला १ पेक्षा कमी नको. शेवटचा शब्द म्हणजे वाचक आहे ते पान. त्याला लिंक नको, कारण दाबल्यावर तेच पान पुन्हा उघडते आणि माणूस गोंधळतो. मुखपृष्ठावर ब्रेडक्रंब नकोत. इतिहास, नकाशा, कसे जाल हे एकाच पानावरचे टॅब असतील तर ते ओळीत आणू नका; स्वतंत्र पाने असतील तर आणा.

खरा वेळ घालवायचा तो देवनागरीवर, कारण बाजारात मिळणारे तयार घटक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. बारा पिक्सेलची इंग्रजी ओळ वाचता येते. बारा पिक्सेलमध्ये ‘हरिश्चंद्रगड’ मधला श्च हा नुसता ठिपका होतो. चौदाच्या खाली जाऊ नका, पंधरा ठेवलेत तर आणखी बरे. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी हवी. तयार घटकांत उंची घट्ट बांधून वाढीव भाग झाकायची सवय असते; तिथे वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो, आणि ‘पन्हाळा’ ठीक दिसतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, ‘सुधागड’ आणि ‘कुर्डूगड’ आले की कळते. तपासायला मुद्दाम अशीच नावे घ्या. अक्षरांमधले अंतर वाढवणारा नियम शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटे पडते. तिरपा ठसा वापरू नका. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरा तिरपा ठसा नसतो, ब्राउझर सरळ अक्षरेच ढकलून तिरकी करतो. लिंकांखालची रेघ उकारांना कापत जाते, ती थोडी खाली सरकवा.

दोन पायऱ्यांच्या मधली खूण कोणती? ‘›’ किंवा तिरकी रेघ, दोन्ही चालतील. उभी रेघ मात्र नको. मराठीत ती काना वाटते, नाहीतर दंड. ‘किल्ले | रायगड’ हे घाईत ‘किल्ले ारायगड’ असे डोळ्यात शिरते. विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविरामही त्याच कारणाने बाद.

लांब नावे कापण्याबद्दल माझे मत ठाम आहे: कापू नका. बरेच प्रोग्रामर पहिली अमुक इतकी अक्षरे घेऊन पुढे तीन टिंबे लावतात. संगणकाच्या हिशोबात ‘हरिश्चंद्रगड’ मधले हलंत, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे पाचव्या अक्षराला कापले की ‘हरिश्…’ असा लंगडा तुकडा उरतो. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरसमूह ओळखणारा ‘सेगमेंटर’ आहे, पण जुन्या ब्राउझरांत तोही जोडाक्षर हलंतापाशी तोडतो. त्याऐवजी ओळ दुसऱ्या ओळीवर जाऊ द्या. फक्त एका पायरीचे नाव मध्येच मोडणार नाही, अशी सूचना प्रत्येक पायरीला द्या, आणि मधली खूण पुढच्या पायरीला चिकटवा, म्हणजे दुसरी ओळ ‘›’ ने सुरू होते आणि ती पहिलीचीच पुढची आहे हे दिसते. ‘छत्रपती संभाजीनगर जिल्हा’ हे लांब आहे म्हणून त्याचे ‘छ.’ करायला जाऊ नका. जागा वाचेल, पण वाचकांची पत्रे येतील.

मोबाइलचा उपप्रश्न इथे जवळजवळ सुटतो. तुमच्या ओळीत चारच पायऱ्या आहेत. त्यातली शेवटची, म्हणजे चालू पान, मोबाइलवर गाळून टाका, कारण लगेच खाली तेच नाव मोठ्या शीर्षकात आहे. उरल्या तीन, त्या बहुतेक फोनवर एका ओळीत, फार तर दोन ओळींत मावतात. काही साइट बाजूला सरकणारी पट्टी करतात. ती मला आवडत नाही, कारण सरकवता येते हे लोकांना कळत नाही आणि जवळची पायरी, जी सर्वांत उपयोगाची, नेमकी उजवीकडे दडून बसते. अगदीच काही गाळायचे झाले तर मधले किंवा सुरुवातीचे गाळा, लगेच वरची पायरी कधीही नाही. फक्त ‘‹ रायगड जिल्हा’ एवढीच ओळ ठेवली तरी मोबाइलवर ऐंशी टक्के काम झाले असे मी समजतो. बोटाला पुरेशी जागा ठेवा. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत दाबण्याच्या जागेची किमान मर्यादा २४ बाय २४ पिक्सेल आहे. मी उंची ४४ च्या आसपास नेतो. गडाच्या पायथ्याशी, उन्हात, घामट बोटाने फोन वापरणारा वाचक आहे तुमचा.

अंध वाचकांसाठी फार थोडे करावे लागते, पण ते थोडे करायचेच. पूर्ण ओळ ‘नॅव्ह’ टॅगमध्ये, आत क्रमवार यादी म्हणजे ‘ओएल’, प्रत्येक पायरी तिचा एक घटक. ‘नॅव्ह’ ला मराठी लेबल द्या, ‘तुम्ही इथे आहात’ चालेल. स्क्रीन रीडर, म्हणजे वाचकयंत्र, ते वाचून दाखवतो, आणि मेनूचा ‘नॅव्ह’ वेगळा ओळखू येतो. चालू पानाला ‘एरिया-करंट’ गुणधर्म आणि त्याची किंमत ‘पेज’. मधल्या खुणा सीएसएसमधून काढा आणि वाचकयंत्राने त्या उच्चारू नयेत अशी तजवीज करा, नाहीतर प्रत्येक नावामागे त्या खुणेचे नाव ऐकू येऊ शकते. आणि पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवलेली हवी. पुष्कळ मराठी साइटींवर ती चुकून इंग्रजीच राहते. मग वाचकयंत्र इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायची केविलवाणी धडपड करते. भाषा नीट नोंदवली की ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श हीसुद्धा मराठी वळणाची मिळतात.

गुगलचा प्रश्न. वेगळे करायचे ते एकच: प्रत्येक पानात जेसन-एलडी या शोधयंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात ‘ब्रेडक्रंबलिस्ट’ हा डेटा द्या. त्यात प्रत्येक पायरीचा क्रमांक, नाव आणि पूर्ण यूआरएल. क्रमांक एकपासून सुरू. किमान दोन पायऱ्या हव्यात. शेवटच्या पायरीला यूआरएल नसला तरी चालतो. पडद्यावर दिसणारी ओळ आणि हा डेटा एकाच ठिकाणाहून तयार करा, म्हणजे दोन्हींत तफावत पडत नाही. फार अपेक्षा मात्र ठेवू नका. २००९ पासून गुगल शोधनिकालात ब्रेडक्रंब दाखवत आले आहे, पण जानेवारी २०२५ मध्ये मोबाइलच्या निकालांतून त्यांनी ते काढून टाकले. तिथे आता फक्त डोमेनचे नाव दिसते. संगणकावर अजून दिसतात. तुमचा बहुतेक वाचक मोबाइलवर असणार. तेव्हा हे काम गुगलला खूश करायला नव्हे, पानावर आलेल्या माणसासाठी करायचे.

आणखी एक ओघात. भटकंतीच्या लेखांना ब्रेडक्रंब लावताना त्यांना किल्ल्याच्या पोटात टाकू नका. एकाच लेखात राजगड ते तोरणा असा पल्ला असतो, तो कोणाच्या पोटात जाणार? ‘मुखपृष्ठ › भटकंती › लेखाचे नाव’ एवढे सपाट ठेवा आणि लेखातून दोन्ही किल्ल्यांना लिंक द्या. जिथे माहिती झाडासारखी नसून जाळ्यासारखी असते तिथे ब्रेडक्रंब ओढूनताणून आणायचे नसतात. विकिपीडियाच्या लेखांवर म्हणूनच अशी ओळ नसते. तिथे एका लेखाला तळाशी पाच-दहा वर्ग असतात आणि त्यातला एक ‘खरा’ ठरवायला कोणी जात नाही.

बांधून झाल्यावर तपासायचे कसे? क्लिकची आकडेवारी बघून निराश होऊ नका. ब्रेडक्रंबवर फार लोक क्लिक करत नाहीत. कित्येक जण ओळ नुसती वाचतात, ‘बरं, हा साताऱ्यातला आहे’ असे मनाशी म्हणतात आणि खाली सरकतात. तेही काम झालेच. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००७ मध्ये लिहिले होते, की वापरणाऱ्यांचे ब्रेडक्रंबकडे दुर्लक्ष होईल, पण त्यांच्यामुळे कोणी अडत नाही. जागा दाखवणाऱ्या ओळीबाबत मला हे पटते. त्यापेक्षा सगळ्या पानांचे ब्रेडक्रंब एका एक्सेलच्या तक्त्यात ओतून एकाखाली एक वाचा. तासाभराचे काम आहे. कुठे जिल्हा गायब, कुठे ‘किल्ले’ आणि कुठे ‘दुर्ग’, कुठे एकच नाव दोनदा, कुठे अजून ‘अहमदनगर’, सगळे डोळ्यांसमोर येते. मग गटाबाहेरच्या चार-पाच जणांना फोनवर एखादे आतले पान उघडून द्या आणि विचारा, ‘याच भागातला आणखी एखादा किल्ला शोधायचा तर काय दाबाल?’ बोट कुठे जाते ते बघा, बोलू नका.

हरिश्चंद्रगडासारख्या सीमेवरच्या किल्ल्यांचा प्रश्न तरी उरतो. ब्रेडक्रंबमध्ये अहिल्यानगर जिल्हा एवढेच ठेवा, पण पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या पानांवरच्या यादीत गडाचे नाव ‘वाट या जिल्ह्यातूनही’ अशा शेऱ्यासह येऊ द्या. ठाण्याच्या पानावरून गडावर गेलेल्या वाचकाला वर अहिल्यानगर दिसेल. शेरा आधी वाचलेला असल्याने तो दचकणार नाही. हे माणसाच्या आठवणीवर सोडू नका. नवा किल्ला भरण्याच्या फॉर्ममध्ये ‘मुख्य जिल्हा’ हा रकाना एकच पर्याय घेणारा आणि सक्तीचा करा, त्याखाली ‘वाटा असलेले इतर जिल्हे’ हा ऐच्छिक रकाना ठेवा. मुख्य जिल्हा न भरता पान प्रकाशित होताच कामा नये.